हाड जुळतंय, आता घर हवंय : वाचकांचे प्रश्न

अपघातातून वाचवलेल्या, पाय बरा होत असलेल्या आणि तरीही दिवसभर खेळायला मागणाऱ्या कुत्र्यांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांना विचारायचंय ते एकच : याला कायमचं घर कसं मिळवून द्यायचं? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. तुमच्या कुत्र्याचा एक्स-रे ज्या डॉक्टरांनी पाहिलाय त्यांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

प्रश्न : गाडीचा धक्का लागून मांडीचं हाड मोडलेली साधारण १० महिन्यांची कुत्री सध्या आमच्याकडे तात्पुरती आहे. प्लेट बसवून ४ आठवडे झाले. टाके निघाले, ती पाय टेकते आणि घरभर धिंगाणा घालायला बघते. दोन कुटुंबांनी तिच्याबद्दल विचारलंय. आताच द्यावी, की पाय पूर्ण बरा होईपर्यंत थांबावं?

उत्तर : घर आजपासून शोधा, पण ताबा हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसल्यावरच द्या.

चौथा आठवडा सगळ्यात फसवा असतो. कातडी १० ते १४ दिवसांत जुळून येते, सूज उतरते, दुखणं कमी होतं आणि कुत्री पूर्वीसारखी धावायला तयार होते. हाडाला मात्र वेळ लागतो. लहान पिल्लांचं हाड ४ ते ६ आठवड्यांत जुळू शकतं, वाढ पूर्ण होत आलेल्या कुत्र्याला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, वयस्कर कुत्र्याला त्याहून जास्त. तोवर भार पेलण्याचं बरंचसं काम प्लेट आणि स्क्रू करत असतात. हळू चालण्याचा भार धातू सहन करतो. सोफ्यावरून उडी, गुळगुळीत फरशीवर पाय फाकून घसरणं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती हे पुन्हा पुन्हा झालं की स्क्रू सैल होतात, प्लेट वाकते, क्वचित तुटतेही. मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड जाते, कारण हाडाला आधीच्या स्क्रूंची भोकं पडलेली असतात.

अशा वेळी घर बदललं तर धोका दुप्पट होतो. नव्या जागी कुत्री बावरते, दार उघडं दिसलं की पळते, पलंगाखाली शिरते. आणि नव्या माणसांना तिचं केविलवाणं रडणं ऐकवत नाही. ‘थोडा वेळ सोडू या’ म्हणून क्रेट, म्हणजे तिला ठेवलेला पिंजरा, उघडला जातो, तेवढ्यात व्हायचं ते होतं.

तेव्हा असं करा. जाहिरात, फोन, घर पाहणं हे सगळं आत्ताच उरकून घ्या. इच्छुक कुटुंबाला बोलवा, पण कुत्री पट्ट्यात बांधलेली असू द्या आणि पाहुण्यांनी जमिनीवर बसूनच भेटावं, म्हणजे ती अंगावर उडी मारत नाही. ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढतील. हाडाच्या दोन टोकांमध्ये नवं हाड भरलेलं दिसलं, की दोन आठवडे चालणं हळूहळू वाढवा आणि मगच तिला सोपवा. एक्स-रेसाठी भूल द्यायची असेल, तर त्याच भुलीत नसबंदी उरकता येईल का तेही विचारून ठेवा.

याला एकच अपवाद. तुमच्या घरी तिला शांत ठेवणं शक्यच नसेल, म्हणजे तीन कुत्री आहेत आणि वेगळी खोली नाही, आणि घेणारं कुटुंब मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीला सरावलेलं असेल, तर आधी दिलेलं बरं. पण तेव्हा औषधांच्या वेळा, चालण्याची मिनिटं आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्या.

खर्चाचंही आधीच ठरवा. शेवटच्या एक्स-रेचे पैसे कोण देणार? प्लेट बहुतेक वेळा आयुष्यभर आतच राहते. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू सैल झाला किंवा प्लेट टोचायला लागली तरच ती काढतात. तशी वेळ आलीच तर कोणी किती भार उचलायचा, हे आज बोललात तर पुढे कटुता येत नाही.

प्रश्न : विश्रांती द्या म्हणतात, पण द्यायची कशी? आमचा कुत्रा क्रेटमध्ये उड्या मारतो, भुंकतो, गादी फाडतो. बाहेर काढला की गरागरा फिरतो.

उत्तर : खेळकर कुत्र्याचे पाय थांबवायचे असतील, तर नाकाला आणि डोक्याला काम द्यावं लागतं. नुसतं कोंडून भागत नाही.

आधी जागा बघा. क्रेटमध्ये त्याला डोकं न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं. त्याहून मोठी जागा नको, कारण मग तो आतच धाव घेतो. क्रेट माणसांचा वावर असलेल्या खोलीत ठेवा, पण रस्त्याकडच्या खिडकीसमोर किंवा मुख्य दारासमोर नको. भुंकण्याचं अर्धं कारण तिथेच असतं. दोन बाजूंनी चादर टाकली तर पुष्कळ कुत्री निवांत होतात.

बहुतेक उड्या क्रेटचं दार उघडतानाच्या क्षणी पडतात, म्हणून ती रीत नीट शिकवा. दाराशी खाली बसा. दार बोटभर उघडा. तो पुढे सरसावला तर दार हळूच बंद करा, शब्द न बोलता. तो थांबला की पुन्हा बोटभर उघडा. चारही पाय जमिनीवर असताना हात आत घालून पट्टा अडकवा, एक खाऊचा तुकडा जमिनीवर ठेवा आणि मगच दार पूर्ण उघडा. पट्टा लावल्याशिवाय एकदाही बाहेर सोडू नका. घरातल्या सगळ्यांनी हेच पाळलं, तर दोन-तीन दिवसांत तो दार उघडताना आपणहून बसायला लागतो.

बाहेर जायचं ते शी-शूसाठी. डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलं नसेल तर एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून ४ ते ५ वेळा, आखूड पट्ट्यावर. चाल इतकी हळू हवी, की दुखरा पाय प्रत्येक पावलाला टेकेल. वेगात चालला तर कुत्रा तो पाय उचलून तीन पायांवर पळतो, आणि स्नायूला व्यायाम मिळत नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. पायऱ्या चढवायच्याच असतील, तर पोटाखालून टॉवेल घेऊन मागची बाजू तोलून धरा. चालण्याच्या वाटेवर मागे रबर असलेल्या चटया किंवा योगा मॅट अंथरा. गुळगुळीत फरशी हा या महिन्यांतला सगळ्यात मोठा शत्रू.

वाडग्यातून जेवण देणं बंद करा. दिवसाचं मोजून काढलेलं खाणं पाच-सहा वाटे करून द्या : एक वाटा टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवलेला, एक पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवलेला, एक चाटायच्या मॅटवर पसरलेला. चाटणं आणि चावणं यांनी कुत्रा शांत होतो. उरलेला वाटा शिकवण्यासाठी वापरा. नाक तळहाताला लावणं, हनुवटी तुमच्या मांडीवर टेकवून थांबणं, चटईवर आडवं पडून राहणं. ३ ते ५ मिनिटांचं सत्र पुरे. हनुवटी टेकवणं जरूर शिकवा, कारण पुढे ड्रेसिंग, तपासणी, कानात औषध घालणं सगळ्यालाच ते कामी येतं. चेंडू फेकणं, दोरीची खेचाखेच आणि लेझरच्या ठिपक्यामागे पळवणं मात्र पूर्ण बंद. खेचताना जोर मागच्या पायांवर येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

हालचाल कमी झाल्यावर खाणंही पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी करा. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. वाढलेलं वजन थेट त्याच पायावर पडतं.

एवढं करूनही तो आवरत नसेल, तर डॉक्टरांकडून शांत करणारं औषध मागायला संकोच करू नका. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन अशी औषधं याच कारणासाठी नेहमी दिली जातात. माणसांच्या औषधाच्या बाटलीतून मात्र काही देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे, पॅरासिटामॉलही धोक्याचं, आणि माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, जे कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं. डॉक्टरांनी दुखण्यावर दिलेलं मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन चालू असताना उलटी, काळी शी किंवा जेवण सोडणं दिसलं, तर पुढचा डोस थांबवून फोन करा. या औषधांसोबत स्टिरॉइड चालत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधीची चिठ्ठी दाखवा.

टेकत असलेला पाय अचानक उचलून धरला, सूज आली, जखमेतून पू किंवा पाणी आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

प्रश्न : जाहिरातीत दुखापतीबद्दल किती लिहावं? लिहिलं तर लोक घाबरतात, नाही लिहिलं तर फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर : सगळं लिहा, पण आधी कुत्रा आणि मग पाय. ‘बिचारा, अपघातग्रस्त, कोणी वाली नाही’ असं लिहिलं की दया आलेली माणसं फोन करतात, आणि दया दोन आठवड्यांत ओसरते. तुम्हाला हवी आहेत ती या स्वभावाच्या कुत्र्याबरोबर राहायला आवडेल अशी माणसं.

नमुना देतो : ‘चिंगी, मादी, अंदाजे १० महिने, १६ किलो. माणसांत रमते, नव्या माणसाजवळ पाच मिनिटांत खेळणं घेऊन येते. पट्ट्यावर ओढते, शिकणं चालू आहे. घरात शी-शू करत नाही. एकटी ३ तास शांत राहते, त्याहून जास्त अजून करून पाहिलेलं नाही. मांजरांबरोबर पाहिलेलं नाही. उजव्या मांडीच्या हाडाला प्लेट आहे, हाड जुळत आहे, अमुक आठवड्यात शेवटचा एक्स-रे. त्यानंतर रोजचं चालणं, खेळणं सुरू होईल. मांडीचा स्नायू बारीक झाला आहे, भरून यायला काही महिने लागतील. नसबंदी, लसीकरण, जंतनाशक झालेलं आहे.’

यात ‘पाहिलेलं नाही’ दोनदा आलंय, ते मुद्दाम. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिलं, की बाकीच्या ओळींवर लोक विश्वास ठेवतात.

फ्रॅक्चर सांध्यात गेलेलं असेल तर पुढे संधिवाताची शक्यता जास्त असते, तेही लिहा. कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलं असेल तर शी करताना त्रास होऊ शकतो, आणि मादी असेल तर पिल्लं जन्माला येताना अडकू शकतात. तिची नसबंदी झालीच पाहिजे.

फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, सकाळच्या उजेडात, मागे पसारा नसताना. एक चेहऱ्याचा, एक उभ्याने पूर्ण शरीराचा, एक माणसाबरोबरचा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन असलेला फोटो पहिला लावू नका. आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हवाच : पट्ट्यावर हळू चालताना, बाजूने आणि मागून. लंगडण्याचं वर्णन शब्दांत केलं की प्रत्येक जण आपापल्या मनातलं भयंकर चित्र पाहतो. प्रत्यक्ष चाल पाहिली की बहुतेकांची भीती जाते. ज्यांची जात नाही, ते वेळेवर बाजूला होतात.

प्रश्न : तीन ठिकाणांहून विचारणा आहे. दोघंही नोकरी करणारं जोडपं, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. ४ वर्षांचं मूल असलेलं कुटुंब. आणि एकटे राहणारे सत्तरीतले गृहस्थ. कोणाला द्यावा? कुत्रा २२ किलोचा आहे आणि आनंद झाला की अंगावर उडी मारतो.

उत्तर : तिघांनाही नकार देण्याजोगं कारण यात नाही, आणि होकार देण्याइतकी माहितीही नाही. वर्गवारीवरून ठरवू नका, प्रश्न विचारा.

जोडप्याला विचारा : दुपारी मध्ये कोण येईल? तरुण कुत्र्याला रोज ८-९ तास एकटं ठेवणं जमत नाही, पण दुपारी फिरवायला येणारं भरवशाचं माणूस असेल तर घर उत्तम ठरू शकतं. हाड पूर्ण जुळल्यावर जिने हळू चढणं-उतरणं बहुतेक कुत्र्यांना जमतं. खरा प्रश्न वेगळा आहे : उद्या पाय पुन्हा दुखला तर २२ किलोचा कुत्रा तीन मजले उचलून कोण नेणार? दोघांनाही ते जमणार असेल तर पुढे बोला.

लहान मुलाच्या घराबाबत मी सावध राहीन. उडी मारणारा २२ किलोचा कुत्रा ४ वर्षांच्या मुलाला सहज पाडतो, त्यात द्वेष नसतो तरीही. आणि मूल बरा होत असलेल्या पायावर पडू शकतं. भेट ठेवा आणि मुलापेक्षा पालकांकडे बघा. मूल झोपलेल्या कुत्र्याकडे धावलं तर ते आपणहून उठून अडवतात का, की तुमच्याकडे बघून हसतात? अडवत असतील तर उडी न मारणं शिकवून होईपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी आहे का विचारा. मुलाला आणि कुत्र्याला एकत्र एकटं सोडायचं नाही, ही अट तोंडी मान्य करून भागत नाही. घरात बेबी गेट लावलेलं दिसलं पाहिजे.

गृहस्थांकडे वेळ आहे, शांतता आहे. या कुत्र्याला पुढचे काही महिने त्याचीच गरज आहे. अडचण पट्ट्यावर ओढण्याची. छातीसमोर कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, वापरून त्यांना स्वतः १५ मिनिटं फिरवून पाहू द्या. आणि ते आजारी पडले तर कुत्रा कोण घेणार, त्या व्यक्तीशी तुम्ही प्रत्यक्ष बोला. पुतण्या घेईल असं सांगितलं आणि पुतण्याला ठाऊकच नाही, असं नको.

तिघांनाही सारखा विचारायचा प्रश्न हा : याआधीचा कुत्रा कुठे गेला? म्हातारा होऊन गेला हे एक उत्तर, ‘देऊन टाकला’ हे दुसरं. दुसरं उत्तर आलं तर कारण शांतपणे ऐका. नव्या जागी परवानगी नव्हती म्हणून दिला आणि तो आज कसा आहे हे त्यांना माहीत आहे, तर ती माणसं जबाबदार आहेत. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी बघा.

घर बघायला जाल तेव्हा बाल्कनीच्या गजांतली फट, गच्चीचा कठडा, फाटकाखालची जागा आणि फरशी बघा. दार थेट रस्त्यावर उघडत असेल तर आत दुसरं फाटक बसवायला सांगा. आधी एकदा गाडीखाली आलेला कुत्रा दुसऱ्यांदा रस्ता टाळेल, असं मानू नका.

प्रश्न : पायाला हात लावला की आमचा कुत्रा गुरगुरतो, एकदा हवेत दात मारले. एरवी अतिशय गोड आहे. घेणाऱ्यांना सांगायलाच हवं का?

उत्तर : हो. नेमकं सांगा, म्हणजे ‘थोडा रागीट’ असं मोघम नको. ‘डाव्या मागच्या पायाला गुडघ्याखाली हात लावला की गुरगुरतो. एकदा हवेत दात मारले, कातडीला लागले नाहीत. पाठ, मान, पुढचे पाय, तोंड कुठेही हात लावला तर चालतं.’ एवढं कळलं की घेणारा स्वतःला आणि कुत्र्याला सांभाळू शकतो.

त्याआधी डॉक्टरांना दाखवा. गुरगुरणं हे बऱ्याचदा दुखण्याचं पहिलं लक्षण असतं. हाडात बसवलेली पिन कातडीखाली टोचत असेल, सांधा आखडला असेल, तर शिकवणीने काही होणार नाही. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. रागावलात तर तो सूचना देणं सोडेल आणि सरळ चावेल.

दुखणं आटोक्यात असेल तर रोज दोनदा, दोन मिनिटं हे करा. हात मांडीच्या वरच्या भागावर, जिथे त्याला चालतं तिथे, एक सेकंद ठेवा. हात काढा, मग खाऊ द्या. क्रम हाच : आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊ आधी दाखवला तर तो खाऊसाठी सहन करतो, पण त्याचं मन तयार होत नाही. तो हात लागताच खाऊकडे बघायला लागला, की बोटभर खाली सरका. कान मागे गेले, अंग ताठ झालं, ओठ चाटले तर मागच्या जागी परत या. सोबत तोंडाला जाळीदार मुसकं घालून घ्यायची सवय खाऊ देऊन लावा. श्वास घेता येईल, पाणी पिता येईल असं मुसकं हवं. डॉक्टरांकडे ते सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

प्रश्न : आमच्या घरी आधीचा एक ६ वर्षांचा कुत्रा आहे. पाय बरा झालेली तरुण, खेळकर मादी आणायची आहे. पहिली भेट कशी घडवावी?

उत्तर : घरात नाही आणि समोरासमोर नाही. मोकळ्या, दोघांनाही परक्या जागी, दोन माणसं आणि दोन पट्टे. ८-१० मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चालायला लागा. दोघंही जमीन हुंगत, सैल पट्ट्यावर चालू लागले की अंतर कमी करत न्या. जवळ आल्यावर ३ सेकंद हुंगू द्या, हाक मारून बाजूला घ्या, पुन्हा चाला. पुढचे पाय खाली वाकवून ढुंगण वर करणं हे खेळायचं आमंत्रण. ताठ शेपूट, ताठ मान आणि एकटक नजर दिसली तर अंतर वाढवा.

घरात पहिले दोन आठवडे जेवण वेगळ्या खोल्यांत, खेळणी उचलून ठेवलेली. खेळ ५ मिनिटांत थांबवायचा, दोघं दमायच्या आत. दुखापतीतून उठलेली मादी थकली की तिची चाल बदलते, पण खेळाच्या भरात ती थांबत नाही. ती लंगडायला लागल्यावर थांबवलं तर उशीर झालेला असतो. ६ वर्षांच्या कुत्र्याला तिच्या सततच्या लाडीगोडीपासून सुटका मिळावी म्हणून गेटपलीकडची एक जागा फक्त त्याची ठेवा.

बाहेरून नुकतीच उचललेली, लसीकरणाचा पत्ता नसलेली कुत्री असेल, तर भेटीआधी किमान १४ दिवस वेगळी ठेवा. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे संसर्गजन्य आजार. पार्व्होची लक्षणं दिसायला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात, डिस्टेंपरची कधी त्याहून जास्त. तुमच्या कुत्र्याची लस अद्ययावत आहे ना ते बघा.

प्रश्न : सोपवण्याच्या दिवशी काय काय द्यायचं?

उत्तर : लसीकरणाचं कार्ड, जंतनाशक आणि गोचिडाच्या औषधाच्या तारखा, शस्त्रक्रियेचा कागद, पहिला आणि शेवटचा एक्स-रे. दोन्ही एक्स-रे हवेतच. पुढे पाय दुखला तर नव्या डॉक्टरांना तुलना करायला तेवढाच आधार असतो. चालू औषधं डोस आणि वेळ लिहून. सध्याचं खाणं ७ दिवस पुरेल इतकं, म्हणजे नवं खाणं हळूहळू मिसळता येतं. न धुतलेली त्याची चादर. धुतलीत तर ओळखीचा वास जातो.

प्रवासाआधी ४ तास पोटभर जेवण नको. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना वेगळ्या दोऱ्या. नव्या घरातून कुत्री पळतात ती बहुतेक पहिल्या काही दिवसांत, घाबरून पट्ट्यातून मान काढून.

कागदावर एक ओळ ठळक लिहा : काहीही कारणाने ठेवता आलं नाही तर कुत्रा तुमच्याकडेच परत येईल, तिसऱ्याला दिला जाणार नाही. ताबा पहिले दोन आठवडे तात्पुरता ठेवला तर दोघांवरचं दडपण कमी होतं. फोन तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात करा. तिसऱ्या दिवशी तो खातो का, शी होते का एवढंच विचारा, बुजलेला असणारच. तिसऱ्या आठवड्यात खरा स्वभाव बाहेर येतो : चपला पळवणं, दारावर उड्या, हात तोंडात धरणं. कुत्री परत येतात ती याच सुमाराला, म्हणून तेव्हा फोनऐवजी शक्य असेल तर जाऊन या. हात तोंडात धरला तर ओरडू नये. खेळ थांबवून अर्धं मिनिट पाठ फिरवावी आणि परत आल्यावर हातात खेळणं धरावं, हे तिथे करून दाखवा. तिसऱ्या महिन्यात चालण्याचा व्हिडिओ मागवा आणि आधीच्या व्हिडिओशेजारी ठेवून बघा.

प्रश्न : पाय वाचला नाही, पुढचा पाय काढावा लागला. कुत्रा मजेत आहे, पण कोणी विचारतच नाही.

उत्तर : कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला मागचा गेलेल्यापेक्षा थोडं जास्त कष्ट पडतं. तरीही तरुण, सडपातळ कुत्रा काही आठवड्यांत तीन पायांवर पळायला लागतो. वजन आटोक्यात ठेवणं, नखं वेळेवर कापणं, गुळगुळीत फरशीवर चटया आणि लांबच्या एका फेरीऐवजी छोट्या तीन फेऱ्या, एवढंच त्याचं जास्तीचं मागणं असतं. जाहिरातीत फोटो मागे घ्या आणि पळतानाचा व्हिडिओ पुढे आणा. आधी तीन पायांचा कुत्रा पाळलेली माणसं शोधा, त्यासाठी तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. असे पेशंट त्यांच्याकडे येतच असतात.

प्रश्न : मायक्रोचिप बसवली म्हणजे हरवल्यावर फोनवर ठिकाण दिसेल ना?

उत्तर : नाही. कातडीखाली बसवलेल्या या चिपमध्ये बॅटरी नसते. तिच्यात फक्त एक क्रमांक असतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीत १५ आकडी, आणि स्कॅनर कातडीजवळ धरला तरच तो वाचता येतो. त्या क्रमांकापुढे नोंदणीत कोणाचा फोन लिहिलाय यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून सोपवतानाच नव्या कुटुंबाच्या नावावर नोंद बदलून घ्या, दुसरा क्रमांक म्हणून तुमचा राहू द्या, आणि पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला त्याच दिवशी अडकवा.